आप्पांचे तीस मीटर

"चार एकतीस," हर्षद म्हणाला. मला ऐकू आलं नसेल असं वाटून त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. हिरव्या चौकटीत ४.३१ सेकंद असा आकडा होता आणि त्याच्या शेजारी माझं नाव, अर्पिता आनंदा सुतार.

मी गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते. श्वास लागला होता, तरी डोक्यात पहिला विचार आला तो हा, की हा आकडा माझा नाही.

फालेरो सरांनी गॉगल काढला. सकाळपासून त्यांनी तो कुणासाठी काढला नव्हता, फोटोसाठीसुद्धा नाही.

"परत सांग."

"चार एकतीस, सर."

"बाय, तुला पळायला कुणी शिकवलं?"

मला बोलता येईना, म्हणून माझ्या संघातल्या तबस्सुमनं उत्तर दिलं. "तिच्या आईनं, सर. हातात लाटणं घेऊन."

कुंपणाला टेकून उभी असलेली माणसं हसली. सर हसले. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आप्पा फक्कीची, रेघा आखायच्या पांढऱ्या भुकटीची, बादली घेऊन उभे होते. त्यांनी बादली खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि बादली पुन्हा उचलली. माझ्याकडे आले नाहीत. आप्पा मैदानाचे कामगार होते, बावीस वर्षं. चाचणी चालू असताना कामगारानं मध्ये येऊ नये हा त्यांचा नियम होता, मग पळणारी स्वतःची मुलगी असली तरी.

लॉरेन्स फालेरो नऊ वर्षं भारताकडून फुटबॉल खेळले होते. आम्ही त्यांना ओळखत होतो ते टीव्हीवरून, सामन्याच्या मध्यंतरात पडद्यावर बाण काढून कोण कुठं चुकलं ते सांगणारा माणूस म्हणून. कोल्हापुरात पेठेपेठेला संघ आहे आणि प्रत्येक कट्ट्यावर एक प्रशिक्षक बसलेला असतो, त्यामुळे इथं कुणाला सहजासहजी मान मिळत नाही. पण त्या डिसेंबरात सर मैदानात उतरले तेव्हा त्या कट्ट्यांवरची माणसं शर्ट इस्त्री करून आली होती.

पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठानं त्यांना मुलींचा नवा संघ उभा करायला आणलं होतं. बारा जागा. पदवीची फी, वसतिगृह, जेवण, बूट, सगळं विद्यापीठाकडून. सरांनी सहा शहरांत मुलींचे सामने पाहून अकरा जणी निवडल्या होत्या. बारावी जागा विंगेवर खेळणारीची होती, आणि तिच्याबद्दल ते वर्तमानपत्रातून जे बोलले होते ते आमच्या संघातल्या प्रत्येकीला पाठ होतं. खेळात उजव्या ठरलेल्या मुली प्रत्येक शहरात दोन-तीन आहेत, त्यांच्यात मला डावं-उजवं करता येत नाही. तेव्हा तीस मीटर पळा. शिफारस नाही, आडनाव नाही, ओळख नाही. शेवटची जागा घड्याळ देईल, मी नाही.

एकदा एका निवड चाचणीत आमदारांच्या पुतणीसाठी तबस्सुमला बाकावर बसवलं होतं. त्यामुळे आम्हाला हे वाक्य फार आवडलं होतं.

कोल्हापूर शेवटचं शहर होतं. तोवरची सर्वांत वेगवान मुलगी नागपूरची, पल्लवी उईके. चार बावन्न. बाकी शहरांतल्या मुली बऱ्याच मागे होत्या. मला तिच्यापेक्षा कमी वेळात पळायचं होतं, आणि माझा वेळ एकवीस शतांश सेकंदांनी कमी आला होता. जागा माझी झाली होती. मी बारावी सायन्सला होते. जागा मिळाली नसती तर इथल्याच कॉलेजात बी.एस्सी. करायचं आणि फुटबॉल रविवारी सकाळी खेळायचा, असं घरात ठरलं होतं. आमच्या कॉलेजांत तेव्हा मुलींचे संघच नव्हते.

सर चार वाजता पत्रकारांसमोर नाव जाहीर करणार होते. अकरा वाजले होते. सरांनी माझा आणि पडद्यावरच्या आकड्याचा फोटो काढला, फोनवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "जा, जेव. पण जास्त नको."

जेवायला पुरीभाजी होती. तबस्सुमनं तीन पुऱ्या एकावर एक ठेवून गुंडाळल्या.

"तुझे किती आले?" मी विचारलं.

"चार साठ. मी. तबस्सुम मुजावर. अब्बांना सांगितलं तर म्हणतील, मशीन दुरुस्तीला टाका."

"आणि त्या गडहिंग्लजच्या मुलीचे?"

"चार पंचेचाळीस. ती रडायला लागली आनंदानं. आयुष्यात चार सत्तरच्या खाली आली नव्हती म्हणते."

मी पुरी खाली ठेवली. जूनपासून आमच्या संघाच्या मॅडम याच मैदानावर तीस मीटरचा आमचा वेळ घेत होत्या आणि मी तो वहीत लिहीत होते. माझा सर्वांत चांगला वेळ चार छप्पन्न, तबस्सुमचा चार चौऱ्याऐंशी. हातातल्या घड्याळात अंगठ्याची चूक येते, हे धरलं तरी आम्ही तिघी एकाच सकाळी पाव सेकंदानं सुधारलो होतो. तिघीही, आणि सारख्याच.

"तबस्सुम, एक जण सुधारली तर पाय सुधारले म्हणता येतं. तिघी सारख्याच सुधारल्या तर?"

"तर देवाला नारळ द्यायचा. खा गप."

मी उठले. पाय बदललेले नसतील तर घड्याळ बदललेलं असणार, नाहीतर मैदान. हर्षद सावलीत बसून केबल गुंडाळत होता. तो सरांचा मदतनीस, वयानं माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. मी घड्याळाबद्दल विचारलं. तो म्हणाला, सगळ्या शहरांत हेच यंत्र होतं, दोन खांबांतून प्रकाश जातो, मुलगी आडवी गेली की वेळ नोंदला जातो, त्यात चुकायला काही नाही.

"आणि खांब कुठं लावायचे ते कसं ठरवता?"

"रेघा असतात ना. तुमच्या मामांनी दाखवल्या, इथून तिथं तीस."

आमच्या मामांनी, म्हणजे आप्पांनी. मैदानावर सगळे त्यांना आनंदामामा म्हणायचे.

मी पहिल्या रेघेवर टाच ठेवली आणि पावलाला पाऊल लावत निघाले. माझा बूट सत्तावीस सेंटिमीटरचा. तीस मीटरला एकशे अकरा बूट व्हायला हवेत. एकशे साडेचार झाले. परत उलटं मोजत आले. एकशे साडेचार.

प्रेक्षागृहाच्या पायऱ्यांखाली फक्कीची पोती ठेवायची खोली होती. आप्पा तिथं उलट्या घमेल्यावर बसून भाकरी खात होते. चेहरा इतका उजळ होता की मला दारातच थांबावंसं वाटलं.

"ये. मुकादम सोता हात मिळवून गेला. म्हनला, आनंदा, पोरीनं नाव काढलं."

"आप्पा, टेप कुठाय?"

"पिशवीत. सांजच्याला दाजींना द्यायचाय. कशाला?"

"तीस मीटर मोजायचंय."

आप्पा हसले. "काल मोजलं की. एक टोक तुझ्याच हातात हुतं."

"काल दोरी मोजली. मैदान नाही मोजलं."

"दोरी काय आन् मैदान काय," असं म्हणता म्हणता त्यांचा हात भाकरीवर थांबला. "का? कमी वाटतंय?"

"माझ्या बुटानं एकशे साडेचार भरतंय. एकशे अकरा पाहिजे."

"बुटानं मोजतीस व्हय माझं मैदान."

ते थट्टेत म्हणाले नव्हते. आप्पांच्या रेघा हा आमच्या घरातला अभिमानाचा विषय होता. आमचे आजोबा सुतारकाम करायचे. लाकडावर सूत मारतात, तशी आप्पा मैदानावर दोरी मारायचे. दोरी चुन्याच्या पाण्यात भिजवायची, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची, मध्ये उचलायची आणि सोडायची. मातीवर केसासारखी रेघ उमटते. मग त्या रेघेवर फक्की. दोरीला दर पाच मीटरला लाल धाग्याची गाठ असायची, त्यामुळे लांबी पुन्हा मोजावी लागत नसे. केरळहून आलेल्या एका पंचांनी एकदा पेनल्टीच्या चौकटीचे चारही कोपरे तपासले होते आणि काही न बोलता आप्पांच्या पाठीवर हात ठेवला होता. ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत होते.

बारा वर्षं वापरलेली जुनी दोरी काळी पडली होती, जागोजागी सांधलेली होती. फालेरो येणार म्हणून आप्पांनी लक्ष्मीपुरीतून नवी सुती दोरी आणली होती, पांढरीशुभ्र. आत्याच्या यजमानांकडून स्टीलचा टेप मागून आणला होता. आदल्या दुपारी आम्ही अंगणात ती दोरी मोजली आणि आप्पांनी सहा गाठी बांधल्या. एक मिलिमीटरसुद्धा इकडे-तिकडे नव्हता, कारण टेपचा आकडा मीच वाचला होता.

"मोजल्यावर दोरीचं काय केलं?" मी विचारलं.

"काय करायचं? चुन्यात टाकली. कोरी दोरी चुना धरत न्हाई. रातभर मुरवली, सकाळी मारली."

मी अकरावीत वाचलं होतं की कापसाचा धागा पाणी प्यायला की जाडीला फुगतो आणि त्यामुळे पिळाची दोरी लांबीला कमी होते. ते सांगायला मी तोंड उघडलं. पण आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. खोलीच्या कोपऱ्यात वेटोळं करून ठेवलेल्या दोरीकडे बघत होते.

"नवं कापड आदी भिजवून घेत्यात, मग बेततात," ते हळू म्हणाले. "आटतं म्हणून."

त्यांनी भाकरी फडक्यात बांधली आणि पिशवीतून टेप काढला.

मैदानात त्या वेळी कुणी नव्हतं, सगळे जेवणाकडे होते. मी पहिल्या रेघेवर टेपचं टोक दाबून धरलं. आप्पा चालत गेले, दुसऱ्या रेघेवर उकिडवे बसले, टेप ताणला. आकडा वाचला. मग टेपवरची माती अंगठ्यानं पुसली आणि पुन्हा वाचलं.

"अठ्ठावीस मीटर, वीस सेंटिमीटर."

एक मीटर ऐंशी कमी. शेवटच्या टप्प्यात मी सेकंदाला साडेसात मीटरच्या आसपास पळत होते. उरलेल्या अंतराला जवळजवळ पाव सेकंद लागला असता. मी तिथंच मातीत बोटानं हिशोब केला. चार पंचावन्न. पल्लवी उईके चार बावन्न.

यानंतर मी जे बोलले ते आज लिहिताना बरं वाटत नाही, पण बोलले ते असं.

"आप्पा, टेप गुंडाळा."

"आँ?"

"तिघी तेवढंच पळाल्या. तिघींत मीच पहिली आहे. कुणावर अन्याय नाही."

"आन् नागपूरची?"

"ती आपली कोण?"

आप्पा उठून उभे राहिले. ते कधी रागावत नसत, तेव्हाही रागावले नाहीत. त्यांनी टेप हळूहळू गुंडाळायला सुरुवात केली. दाजींचा टेप म्हणून तो हात-हातभर फडक्यानं पुसत, गुंडाळत माझ्यापर्यंत आले.

"तीबी कुणाच्या तरी मैदानावर पळाली आसंल," ते म्हणाले.

"जागा जाईल, आप्पा. मी हिशोब केलाय. चार पंचावन्न येणार माझे."

"हिशोब केलास ते बरं केलंस. पर आकडा लागनार तुझ्या नावाला आन् रेघ हाय माझी. ती खोटी ठिवून मी तुला पुण्याला धाडू व्हय?"

"तुम्ही मुद्दाम केलं नाही."

"मुद्दाम केलं आसतं तर लपवायला जमलं आसतं," आप्पा म्हणाले, आणि शर्टाचं वरचं बटण लावून चालायला लागले.

प्रेक्षागृहासमोर मांडव होता. दोनेकशे माणसं जमली होती, माइक तपासणं चालू होतं. कुणीतरी आप्पांसाठी हार आणला होता आणि ते येताना दिसले तसा तो पुढे आला. आप्पांनी त्याला हातानंच थांबवलं. फालेरो सर खुर्चीत बसून चहा पीत होते. आप्पा त्यांच्यासमोर उभे राहिले. आवाज खाली आणायचा असतो हे त्यांना कधी माहीत नव्हतं. मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला बोलायची सवय.

"साहेब, रेघ चुकलीय. माझीच. तीस न्हाई, अठ्ठावीस मीटर वीस हाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "आनंदा, पोरीच्या मुळावर उठलास काय?" आणि दुसऱ्यानं, "बावीस वर्षं आसंच आखतोस व्हय रं?" थोडा हशा झाला. आप्पांचे कान लाल झाले, पण ते वळले नाहीत.

सरांनी कप खाली ठेवला. "काका, ती मुलगी तुमचीच ना?"

"व्हय."

"आणि तुम्ही येऊन हे सांगताय."

"मी आखलंय. दुसरं कोन सांगनार?"

सरांनी फोन काढून आप्पांपुढे धरला. माझा फोटो होता, घामेजलेली मी आणि मागे ४.३१. "हे मी अकरा वाजता टाकलं. महाराष्ट्रातली सर्वांत वेगवान मुलगी, असं लिहिलंय. चाळीस हजार लोकांनी बघितलंय, काका."

"मग त्यांना सांगा, चुकलं म्हणून," आप्पा म्हणाले. एवढं सोपं असताना साहेब अडलेत कुठं, हे त्यांना कळत नव्हतं, असं त्यांच्या आवाजावरून वाटलं.

सरांनी फोन परत स्वतःकडे वळवला. त्यांनी मान हलवून नकार दिला असता तर मांडवातल्या कुणी तक्रार केली नसती, मी तर नाहीच. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि ते नाही म्हणावेत अशी मनातून इच्छा करत होते. मग ते उठले.

"घड्याळ ठरवेल असं मीच म्हणालो होतो," ते म्हणाले. "हर्षद, खांब काढ. काका, तुमच्या टेपनं मोजून द्या. प्रत्येकीला दोन संधी."

आप्पांनी तीस मीटर मोजले. यावेळी टेपचं टोक माझ्याकडे दिलं नाही. हर्षदला धरायला लावलं. दुसऱ्या टोकाला लाकडी खुंटी ठोकली आणि सरांना म्हणाले, "वाचा. तुमीच वाचा." सरांना उकिडवं बसून आकडा वाचावा लागला.

गडहिंग्लजची मुलगी चार एकोणसत्तर पळाली. तबस्सुम चार त्र्याऐंशी, तिनं हर्षदला जाऊन सांगितलं, "आता बरोबर आलं, माझंच आहे हे." मी पहिल्या खेपेला चार अठ्ठावन्न.

दुसऱ्या खेपेला ओणवी झाले तेव्हा समोर मातीत ती जुनी रेघ दिसत होती, नव्या खुंटीच्या अलीकडे, पांढरी आणि अगदी सरळ. मी एरवी गणित बरोबर यावं म्हणून धडपडणारी मुलगी. त्या साडेचार सेकंदांत माझं गणित चुकावं म्हणून मी जीव तोडून पळाले.

"चार पंचावन्न," हर्षद म्हणाला.

गणित चुकलं नव्हतं.

मी जमिनीवर बसले. तबस्सुम शेजारी येऊन बसली आणि माझ्या बुटांच्या नाड्या सोडवायला लागली, काही कारण नसताना. सर वाकून म्हणाले, "चांगली पळालीस, बाय. खरंच." त्यांना पुढे काहीतरी म्हणायचं होतं. पण माझ्या डोक्यात एक प्रश्न आला होता. चांगुलपणातून आला नव्हता, हे मी स्पष्टच सांगते. मला ती जागा अजूनही हवी होती.

"सर, नागपूरची रेघ कुणी मोजली?"

सरांनी हर्षदकडे पाहिलं. हर्षदनं लॅपटॉपकडे पाहिलं.

"तिथंही रेघा होत्याच," तो म्हणाला.

मांडवातून एक शिट्टी आली. आत्तापर्यंत आप्पांना हसणारी माणसं आता सरांकडे बघत होती. सहा शहरं, सहा मैदानं, आणि एकाही ठिकाणी टेप लावला नव्हता. सरांनी कपाळ चोळलं. "फोन लाव," ते हर्षदला म्हणाले. "तिथल्या क्रीडाशिक्षकांना सांग, खांब होते तिथलं अंतर मोजा. आत्ता. रेघा आहेत का विचार."

रेघा होत्या. त्यांच्या धावण्याच्या स्पर्धा चालू होत्या, रोज त्याच जागी नव्यानं फक्की पडत होती. टेप शोधून मोजून सांगायला त्यांनी अर्धा तास मागितला.

त्या अर्ध्या तासात आप्पा माझ्या शेजारी येऊन बसले.

"किती कमी भरली तर जागा तुझी?" त्यांनी विचारलं.

तीन शतांश सेकंद, सेकंदाला साडेसात मीटरनं. "तेवीस सेंटिमीटर. त्याच्या वर कमी भरली तर."

"म्हंजे वीतभर."

"वीतभर."

त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवून बोटं फाकवली आणि स्वतःची वीत बघत राहिले. मी बघितलं तशी त्यांनी मूठ मिटली. मला तेव्हा वाटलं, त्यांनाही ते हवं होतं, दुसऱ्या कुणाची तरी वीतभर चूक. आज मला तसं खात्रीनं सांगता येत नाही.

फोन आला. हर्षदनं आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर ठेवला. माणसं पुढे सरकली.

"तीस मीटर अन् दोन सेंटिमीटर भरलं जी," पलीकडून आवाज आला. "दोनदा मोजलं. दोन जास्त हाये, चालते ना?"

पल्लवी उईके तीस मीटरपेक्षा दोन सेंटिमीटर जास्त पळाली होती, आणि तरी माझ्यापेक्षा लवकर पोहोचली होती. प्रश्न मीच विचारला होता आणि उत्तर मिळालं होतं. तबस्सुमनं माझा हात धरला.

"चालते," सर फोनमध्ये म्हणाले. "पल्लवीला सांगा, जागा तिची." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या वर्षी मी आधी टेप विकत घेईन आणि मग तिकीट."

त्यांनी तिथंच उभं राहून आपला फोन उघडला, माझ्या फोटोखाली काहीतरी लिहायला लागले आणि मध्येच थांबून आप्पांना विचारलं, "काका, पूर्ण नाव काय तुमचं?"

पण आप्पांचं लक्ष नव्हतं. ते टेबलावरच्या हर्षदच्या फोनकडे वाकले होते.

"दोन जास्त," ते म्हणाले. "कमी न्हाई, जास्त. आवो, कोन आखतंय तुमच्याकडं?"

"आमचे गुलाबराव हायेत ना, नेवारे. इथंच उभे हायेत, टेप धरून."

"द्या की त्यांना जरा."

फोन हातातून हातात गेल्याचा खरखराट झाला. "बोला जी," एक घोगरा, बुजलेला आवाज म्हणाला.

"नमस्कार. मी आनंदा सुतार, कोल्हापूर. तुमच्यासारखाच मैदान बघतो."

"हो जी."

"रेघ लई चांगली मारलीय तुमी. तीस मीटरला दोन सेंटिमीटर म्हंजे कायच न्हाई. फक्कीच तेवढी रुंद आसती. दोरी कशाची वापरता?"

"दोरी नाही जी. तार. दोरीचा भरोसा नाही."

आप्पा हसले. दुपारनंतर पहिल्यांदा हसले, आणि चांगले मोठ्यानं. मांडवातली माणसंही हसली, पण मघासारखी नाही.

"मला आज कळलं ते," आप्पा म्हणाले. "बावीस वर्षांनी."

"तुमच्याकडची एक पोरगी चार एकतीस पळाली म्हणत होते इथं सकाळी," नेवारे म्हणाले. "आमची पल्लवी रडत बसली होती जी. जेवलीच नाही."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"ती अठ्ठावीस मीटर पळाली हुती," आप्पा फोनमध्ये म्हणाले. "आता तीस पळाली. चार पंचावन्न. टेप लावून, खुंटी ठोकून, साहेबांना वाचायला लावून. माझीच मुलगी हाय ती. पैल्यांदा तिनंच वळखलं, रेघ चुकलीय म्हणून."